तुतीच्या झाडाखाली सगळे आले

"पुस्तक उलटं ठेवलंस गं," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी ते टेबलावरच पालटून सुलटं केलं.

मनीजेनं ते दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवलं होतं. ती काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात अवधूत पोट्यानं तिच्यापुढे चहाचा कप धरला. "घ्या, घ्या, इराणात असा मिळायचा नाही," असं म्हणून तो स्वतःच हसला. त्या हसण्यात तिचं वाक्य गेलं ते गेलंच.

हे शहात्तर सालचं, पुण्यातलं. नारायण पेठेत चिमणबाग प्रकाशन नावाचं मुलांच्या पुस्तकांचं दुकान होतं. दुकान म्हटलेलं भाऊसाहेबांना खपत नसे, ते त्याला संस्कारपीठ म्हणायचे. आडनाव रत्नपारखी, पण या गृहस्थानं जन्मात पारख केली असेल तर ती फक्त कागदाच्या रिमांची. मुलांवर त्यांचं फार प्रेम होतं, म्हणजे मुलं समोर नसताना. पोटे मुलांसाठी कविता करायचा. 'ससा' आणि 'कसा' जुळलं की त्याचा दिवस सार्थकी लागायचा, आणि उरलेल्या वेळात तो भाऊसाहेबांना हो म्हणायचा. मी तिथं चित्रं आणि मजकूर पानावर मांडून छपाईसाठी तयार करून द्यायची. कलाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडले होते, घरात मिळवती मी एकटी होते, आणि माझी जीभ तिखट आहे हे तोवर फक्त माझ्या आईला ठाऊक होतं.

मनीजे इथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. त्या काळी पुण्यात इराणी मुलंमुली पुष्कळ असत. ती लिमयेकाकूंकडे खोली घेऊन राहायची आणि काकूंकडूनच मराठी शिकली होती, त्यामुळे या उंच, गोऱ्या, कापलेल्या केसांच्या मुलीच्या तोंडून मध्येच "अगंबाई" यायचं. लिमयेकाकू भाऊसाहेबांच्या मावसबहीण. त्या ओळखीवर ती हे पुस्तक घेऊन आली होती.

"नाव काय म्हणालीस?"

"मनीजे."

"मनीषा म्हणू आपण. सोपं पडतं."

भाऊसाहेबांनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. मी त्यांच्या खांद्यामागून बघत होते. त्या पहिल्या पानानंच मला गप्प केलं. हिवाळ्यातलं एक निष्पर्ण झाड, खाली अंथरलेला गालिचा, त्यावर चहाचे छोटे पेले मांडलेले, आणि माणूस एकही नाही. गालिच्याच्या कडेला जोडे ओळीनं काढून ठेवलेले. सगळं चित्र मातकट आणि निळं, लाल रंग फक्त जोड्यांना. पुढच्या पानावर तेच झाड, तोच गालिचा, एक म्हातारी आणि दोनतीन माणसं. मग आणखी माणसं, मग आणखी. चेहरे नखाएवढे, पण प्रत्येक वेगळा: एकाचं नाक मोठं, एक बाई जांभई दाबतेय, एकजण शेजाऱ्याच्या ताटलीवर डोळा ठेवून बसलाय. शेवटच्या पानावर झाडाला कोवळी पालवी आणि खाली अख्खं गाव दाटीवाटीनं बसलेलं. आमच्याकडे तोवर मुलांचं चित्र म्हणजे फुगलेल्या गालांचा सूर्य आणि टाय लावलेलं अस्वल. हे ज्यानं काढलं होतं तो मुलांना बावळट समजत नव्हता.

"मजकूर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

ते मधूनच जिथं बोट ठेवतील त्या चित्राचं वाक्य मनीजे सांगत गेली आणि ते स्वतः टिपून घेत गेले. तुतीच्या झाडाखाली लग्न होतं, सगळे आले. तुतीच्या झाडाखाली शाळा भरली, सगळे आले. खळं झालं, सगळे आले. डाळिंबं फोडली, सगळे आले. पहिला बर्फ पडला, सगळे आले. दरेक पानावर एवढंच.

"एवढंच?" पोटे म्हणाला. "यमक नाही?"

"एवढंच," मनीजे म्हणाली. "भाऊसाहेब, एक सांगते. चित्र बदलायचं नाही. शब्द बदलायचा नाही. पैसे मला नकोत. तिकडं हे पुस्तक आता मिळत नाही. माझ्याकडे ही एकच प्रत आहे. ते जसं आहे तसं कुठंतरी छापलं जायला हवं. बस्स."

भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीकडे हात केला. "त्याची शपथ. एक शब्द नाही, एक रेघ नाही."

मनीजेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या वेळी ते जरा जास्तच वाटलं.

आता बैठकीचं सांगायला हवं, कारण चिमणबागेचा सगळा धर्म त्या बैठकीत होता. आतल्या खोलीत गादी घातलेली होती, म्हणून चपला दाराशी काढायच्या. तिथं एक निळ्या रबरी चपलांची जोडी कायम आडवी यायची, ती पायानं सरकवून आत शिरायचं. दर शनिवारी संध्याकाळी सगळी मंडळी जमायची. किटली उचलण्याआधी भाऊसाहेब विचारायचे, "सगळे आले?" आणि पोटे म्हणायचा, "सगळे आले." मग चहा फिरायचा. हा रिवाज म्हणे भाऊसाहेबांच्या वडिलांपासूनचा.

पूर्वी या बैठकीत कुंटेसर असायचे. प्रल्हाद कुंटे, आमचे संपादक. त्या संस्थेत पुस्तक वाचणारा माणूस तेवढा एकच. आदल्या डिसेंबरात त्यांना पोलिसांनी उचललं. ते कुठल्याशा सभेत आणीबाणीविरुद्ध चार वाक्यं बोलले होते. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "कुणी विचारलं तर कुंटे गावाला गेलेत." येरवडा हेही एक गावच म्हणा. पुढच्याच शनिवारी "सगळे आले?" झालं, "सगळे आले" झालं, आणि चहा फिरला. कुंटेसरांच्या जागेवर पोटे सरकून बसला. तिथं खिडकीचा वारा येतो.

भाऊसाहेबांनी पुस्तकाचा कच्चा नमुना स्वतःच जुळवला आणि मला आणून दिला. मुखपृष्ठावर लिहिलं होतं: 'रूपांतर: भाऊसाहेब रत्नपारखी'. फारसीचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं, पण रूपांतर यांचं. त्याखाली बारीक अक्षरांत 'चित्रे: इराणी'.

"प्रत्येक पानाखाली ती बारीकशी नक्षी आहे ना, ती झाकून टाक," ते म्हणाले. "उगाच घाण दिसते."

"चित्र बदलायचं नाही असं ठरलंय."

"नक्षी म्हणजे चित्र नव्हे, शालन. तुमच्या कॉलेजात एवढंही शिकवलं नाही?"

मी पानं मांडत बसले. पाचसहा पानं झाल्यावर माझा हात थांबला. पहिल्या पानावर माणूस नाही, पण जोडे मात्र सगळे. दुसऱ्या पानावर माणसं दोनतीन, जोडे तेवढेच. शेवटच्या पानावर अख्खं गाव, आणि जोडे तेच, त्याच क्रमानं, एका टाचेला ठिगळ लावलेला तोसुद्धा. या चित्रकारानं जांभई दाबणारी बाई सोडली नव्हती, तो जोड्यांत कशाला चुकेल? मी आत गेले.

"भाऊसाहेब, माणसं यायच्या आधी त्यांचे जोडे कसे आले?"

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला, पाहिलं. "पुढं पाठवले असतील. गड्याच्या हाती."

"इराणात श्रीमंती फार," पोटे म्हणाला.

काय बोलणार? गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. इथं तर गाढवच गुळाचा कारखानदार होतं. मी परत येऊन बसले आणि पानं चिकटवली. पण ते जोडे डोक्यातून जाईनात.

छापील पानं हातात आली त्या शनिवारी बैठकीला एक खास पाहुणे होते. शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या खात्यातले साहेब. नाव सांगून काय करायचं, तसले साहेब तेव्हा खंडीनं होते. त्यांना गादीवर लोड दिला होता, बशीत बर्फी होती. त्यांनी पुस्तक चाळलं आणि मान डोलावली.

"वा. पहिल्या पानावर सामसूम. मग एकेक माणूस येत जातो. शेवटी सगळं गाव एका झाडाखाली, आणि कसं शिस्तीत बसलंय बघा. सगळे आले! म्हणजे हजेरी शंभर टक्के. आज देशाला हेच पाहिजे, भाऊसाहेब."

"माझ्या मनातलं बोललात," भाऊसाहेब म्हणाले. "हे पुस्तक मी निवडलंच मुळी त्यासाठी."

त्यांनी किटली उचलली. "सगळे आले?"

"सगळे आले," पोटे म्हणाला.

तेवढ्यात मनीजे आली. पुस्तक तयार झाल्याचं मीच तिला कळवलं होतं. ती दाराशी बूट काढत असतानाच भाऊसाहेबांनी मोठ्या कौतुकानं नवं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं ते तिच्या सवयीनं हाती धरलं आणि उजवीकडून उघडलं.

मी तिचं तोंड बघत होते. पालवी फुटलेलं झाड, अख्खं गाव. ती हसली. पुढचं पान, लग्न. पुढचं, शाळा. ती एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत होती, ओठ हलत होते, जणू माणसांना नावानं हाक मारतेय. खळं. डाळिंबं. हसू कमी होत गेलं, पण चेहऱ्यावर एक समाधान होतं. बर्फ. निष्पर्ण झाड, गालिचा, जोडे. तिथं ती क्षणभर थांबली, मग तिनं आणखी एक पान उलटलं. तिथं मोठ्या अक्षरांत पुस्तकाचं नाव होतं आणि खाली भाऊसाहेबांचं.

"हे काय?" ती म्हणाली. "इथं पुस्तक संपतं. तुम्ही शेवटावर नाव लिहिलं."

"अगं, ही सुरुवात," भाऊसाहेब म्हणाले.

"नाही. आम्ही इकडून उघडतो. उजवीकडून. खाली आकडे होते दरेक पानावर."

मी कपाळाला हात लावला. ती नक्षी.

साहेबांसमोर असं काही निघावं हे भाऊसाहेबांना रुचलं नाही. त्यांनी आवाज गोड केला. "मनीषा, आमची मुलं डावीकडून वाचतात. एक शब्द बदललाय का मी?"

"नाही."

"एक रेघ?"

"नाही."

"मग? शपथ पाळली की नाही?"

"पण गोष्ट उलटी झाली," मनीजेचा आवाज चढला. "माणसं येत नाहीत, भाऊसाहेब. माणसं जातात. पहिल्या पानावर सगळं गाव आहे. मग एक नाही. मग आणखी एक नाही. लिहिलेलं आहे सगळे आले, सगळे आले, आणि चित्रात माणसं कमी होतात. जोडे राहतात. शेवटी नुसते जोडे राहतात."

साहेबांनी कप बशीत ठेवला.

"जातात म्हणजे कुठं जातात?" त्यांनी विचारलं.

प्रश्न साधाच होता, पण त्यांनी तो विचारला तसा साधा नव्हता. मनीजेनं त्यांच्याकडे पाहिलं, मग लोडाकडे, मग भाऊसाहेबांच्या चेहऱ्याकडे, आणि आपण कुठं उभ्या आहोत हे तिला एकदम कळलं. ती दाराशी उभी होती, पायात मोजे, आणि तिच्या बुटांशेजारी ती निळी रबरी जोडी पडली होती.

कुंटेसरांची. ऑफिसात ते बूट काढून त्या चपला घालायचे. पोलिसांबरोबर गेले तेव्हा बूट घालून गेले, चपला राहिल्या. सहा महिने आम्ही सगळे ती जोडी पायानं सरकवत होतो आणि दर शनिवारी सगळे आले म्हणत होतो.

"गावाला जातात, साहेब," मी म्हणाले.

पोटे खोकला. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की डोळ्यांनी कुणाला जाळता आलं असतं तर माझी राख झाली असती. मी त्यांच्याकडे तशीच बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा मला त्यांची किळस आली, आणि ती किळस मी आजवर जपून ठेवली आहे.

साहेब मात्र हसले. "हां, सुट्टीत. पण तुमचाच क्रम बरा, भाऊसाहेब. गाव भरत जावं, ओस पडत जाऊ नये. मुलांवर वाईट संस्कार होतो." त्यांनी बर्फी उचलली आणि प्रकरण संपलं.

साहेब जिना उतरल्यावर मनीजे म्हणाली, "मला पुस्तक परत द्या. छापू नका."

"छापून झालंय."

"मग विकू नका. तुम्ही शपथ घेतली होती."

भाऊसाहेब तिच्याजवळ गेले. मुलांच्या मेळाव्यात बोलायचे त्या आवाजात बोलले. "हे बघ बाळ, तू परदेशी विद्यार्थिनी. तुमची नावं पोलिसांकडे लिहिलेली असतात. कुणाच्या कानावर गेलं की तू राजकारणाची पुस्तकं आणून छापायला देतेस, तर तुला आठ दिवसांत परत पाठवतील. तिकडं काय होईल ते मला माहीत नाही. मी काही बोलणार नाही. मी आपला काळजीनं सांगतो."

"आणि पुठ्ठ्याच्या आतलं ते सशाचं अस्तरही छान झालंय," पोटे म्हणाला. काय संबंध? काही नाही. पोट्याला शांतता सहन होत नसे.

मनीजेनं बूट घातले. मी आतल्या कपाटातून तिची मूळ प्रत काढली, पदराखाली घातली आणि तिच्यामागून जिना उतरले. भाऊसाहेबांना ती प्रत कधी आठवलीच नाही. त्यांचं काम झालं होतं.

वाटेत इराण्याचं हॉटेल लागलं. चहा घेऊ म्हटलं तर ती म्हणाली, "इथं नको. इथं आमची मुलं बसतात. त्यांच्यातही ऐकणारे असतात." मग आम्ही लकडी पुलावर गेलो आणि कठड्याला टेकून उभ्या राहिलो. मी पुस्तक तिच्या हातात दिलं.

"चित्रं माझ्या भावानं काढली," ती म्हणाली. "बहराम. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. गाव आमचंच आहे. ही माणसं सगळी खरी. पोलीस एकेकाला घेऊन गेले. कुणी मास्तर होता, कुणी छापखान्यात होता. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी व्हायची आणि लिहायचे, सगळे आले. गेलेल्याचं नाव कुणी घ्यायचं नाही."

"मग हे पुस्तक तिथं छापू कसं दिलं?"

"पुस्तकं तपासणाऱ्या तिकडच्या साहेबानं शब्द वाचले. शब्दांत काय आहे? सगळे आले. शिक्का मारला. मुलांचं पुस्तक, चित्र कोण बघतं?" ती हसली, ते हसू बघवत नव्हतं. "मुलांनी बघितलं. मुलं विचारायला लागली, हा जोडा कोणाचा, तो कुठं गेला. मग साहेबांना कळलं. पुस्तकं गोळा करून कापून टाकली. बहरामला नेलं. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात."

"काही कळलं?"

"आई दर आठवड्याला तुरुंगाच्या दारावर जाते. ते म्हणतात, असा कोणी इथं नाही." तिनं पुस्तक उजवीकडून उघडलं आणि अख्ख्या गावाच्या गर्दीत एका कोपऱ्यात बोट ठेवलं. शेजाऱ्याच्या ताटलीवर डोळा ठेवणारा तो. "हा. स्वतःला पण त्यानं काढलं होतं. चौथ्या पानावर तो नाही. अजून नेलंही नव्हतं तेव्हा."

मी त्या ठिगळाच्या जोड्याकडे बघितलं. विचारायची गरज नव्हती.

पुस्तक शाळाशाळांत गेलं. चिमणबागेला खात्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते भाऊसाहेबांनी गणपतीशेजारी लावलं. मी नोकरी सोडली नाही. मला पगार लागत होता आणि तेवढ्यासाठी मी लाज वाटून घेणार नव्हते. फक्त त्या निळ्या चपला मी उचलून पुसल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या. कुणी पायानं सरकवल्या की मी पुन्हा सरळ करायची. भाऊसाहेब ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. ते त्यांना छान जमायचं.

मग सत्त्याहत्तरच्या मार्चात निवडणुकीचे निकाल लागले आणि पुण्यात एकाएकी शूरवीरांचं पीक आलं. जो तो सांगू लागला की मी आतून विरोधातच होतो. आमच्या भाऊसाहेबांचा आतला विरोध तर इतका आत होता की तो त्यांनाही तेव्हाच सापडला. कुंटेसर सुटून आले, वाळून काटकी झालेले. भाऊसाहेबांनी त्यांना मिठी मारली, रडले, आणि आठवड्याच्या आत सभागृह ठरवलं: कुंट्यांचा सत्कार आणि 'तुतीच्या झाडाखाली'च्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन. निमंत्रणावर छापलं होतं, 'काळ्या पर्वातील एक निर्भय बालपुस्तक'. मनीजेनं पोटतिडकीनं सांगितलेला अर्थ आता त्यांनी स्वतःच्या नावावर केला होता, तोही अर्धाच.

"मंचामागं सगळी चित्रं मोठी करून लाव," त्यांनी मला सांगितलं. "पहिलं डावीकडं, मग ओळीनं. एक रेघ बदलू नकोस."

"एक रेघ नाही, भाऊसाहेब," मी म्हणाले.

महिनाभर मी ती चित्रं रंगवली. एक रेघ बदलली नाही. पहिलं डावीकडं लावलं, मग ओळीनं. बहरामनं ज्याला पहिलं म्हटलं होतं ते.

सभागृह भरलं होतं. दीपप्रज्वलनासाठी मंचावरच्या पाहुण्यांनी पायरीशी चपला काढल्या. मनीजे पहिल्या रांगेत बसली होती, लिमयेकाकूंनी नेसवलेल्या साडीत. शेजारची खुर्ची माझी, पण मी बाजूला पडद्याशी उभी होते. चित्रांवरचा पडदा उघडला. तिनं डावीकडून उजवीकडे नजर नेली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरला.

भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. चित्रांकडे पाठ, हात मागं. त्यांनी चित्रं लावलेली पाहिलीही नव्हती. चित्र बघायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं.

"मित्रहो, सगळीकडे अंधार असताना आम्ही हे पुस्तक काढलं. पाहा, या पहिल्या चित्रात सगळं कसं ओसाड आहे." त्यांनी डावीकडे हात केला, तिथं अख्खं गाव लग्नाच्या वऱ्हाडासारखं दाटीनं बसलं होतं. "मग एकेक नागरिक जागा होतो, पुढं येतो. आणि हे शेवटचं चित्र!" हात उजवीकडे गेला. "एकवटलेली जनता!"

तिथं निष्पर्ण झाड होतं आणि लाल जोड्यांची ओळ.

सभागृहात खसखस पिकली. आपण काहीतरी झकास बोललो असं वाटून भाऊसाहेबही हसले आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. पोट्यानं टाळी वाजवली. मला आयुष्यात इतका आनंद क्वचित झालाय, खोटं कशाला सांगू.

मग कुंटेसरांचं नाव पुकारलं. ते उठले, पण माईककडे आले नाहीत. ते चित्रांकडे वळले. पुस्तकाची आवृत्ती त्यांनी चाळली असेलही, पण हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. डाव्या टोकापासून ते सावकाश चालत गेले, एकेका चित्रापुढे थांबत. चौथ्यापुढे बराच वेळ थांबले. हसणं केव्हाच थांबलं होतं. शेवटच्या चित्रापुढे ते वाकले आणि ठिगळाच्या त्या जोड्याला त्यांनी हात लावला.

माईकशी येऊन त्यांनी विचारलं, "हे ज्यानं काढलं, तो कुठं आहे?"

"इराणी कलावंत आहेत," भाऊसाहेब घाईनं म्हणाले. "त्यांचं नाव..." आणि ते कागद चाळू लागले.

"बहराम," मनीजे उभी राहून म्हणाली. "माझा भाऊ. तो अजून आला नाही."

कुंटेसरांनी मान हलवली. सत्काराची शाल त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली आणि ते मंचाच्या पायऱ्या उतरले. पायरीशी त्यांच्या चपला होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं आणि त्या तिथंच राहू दिल्या. अनवाणी चालत ते पहिल्या रांगेत आले आणि मनीजेच्या शेजारी, माझ्या खुर्चीवर, बसले. तिनं त्यांचा हात धरला.

मंचावर सगळे पाहुणे होते, मधली एक खुर्ची रिकामी होती आणि पायरीशी एक जोडी जास्त होती. भाऊसाहेबांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग पोट्यानं त्यांना आभाराची चिठ्ठी दिली, ते सावरले आणि त्यांनी माईक जवळ ओढला.

"आज सगळे आले," ते म्हणाले. "फार बरं वाटलं."